पठारावरून खाली आलेल्या दोघी

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हॅलिफॅक्समध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या एनिड सटक्लिफच्या बाबतीत हे घडलं. तिच्याच तोंडून मी ते ऐकलं. तेही एकदाच.

तारीख १७ सप्टेंबर १९९४. शनिवार. भर दुपार.

एनिड तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. जन्म कापडगिरणीत गेला. तिची मैत्रीण नोरा हेलिवेल शेजारच्याच मागावर. गिरणी बंद पडली तरी मैत्री सुटली नाही. दरवर्षी सप्टेंबरातला एक दिवस दोघींचा. डोंगरामागून डोंगर ओलांडत अडीचशे मैल जाणाऱ्या पेनाइन वे या पायवाटेचा एक तुकडा त्या दिवशी चालायचा. बावीस वर्षं हा नेम चुकला नव्हता.

त्या दिवशी थ्रॉस्टल मॉसचं पठार पार करायचं होतं. नऊ मैल. झाड नाही, घर नाही. नुसतं गवत, हेदरची झुडपं आणि खाली काळी दलदल. दलदलीवरून चालता यावं म्हणून पाडलेल्या गिरण्यांच्या जुन्या फरशा एकापुढे एक टाकलेल्या.

"बघ, आपल्याच गिरणीची असेल ही," नोरा एका फरशीवर पाय आपटत म्हणाली. "तीस वर्षं हिच्यावर उभ्या राहिलो, आता हिच्यावरून चालतोय. मेल्यावर छातीवर पण हीच ठेवतील."

"तू आधी मर. मग मी बघते कुठली ठेवायची ते," एनिड म्हणाली.

एका दगडाच्या आडोशाला बसून त्यांनी चीजचे सँडविच खाल्ले. थर्मासमधला चहा अर्धा अर्धा घेतला. रानकोंबडे ओरडत होते. त्यांची ओरड तिथल्या लोकांना 'परत जा, परत जा' अशी ऐकू येते. दोघी त्याला हसल्यासुद्धा.

मग धुकं उतरलं.

दहा मिनिटांत चार पावलांपलीकडचं दिसेना. नोरा पुढे, एनिड मागे. एनिड बुटाची नाडी बांधायला वाकली. उठून पाहते तर...

पुढे कोणी नव्हतं.

रानकोंबडे गप्प झाले होते. वारासुद्धा पडला होता.

"नोरा?"



एनिड तशीच फरशांवरून पुढे निघाली. थोड्या वेळानं डाव्या हाताला नोरा दिसली. तोच निळा कोट. तीच लोकरीची टोपी. ती धुक्यात उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

आवाज मात्र येत नव्हता.

एनिडला त्यात काही वावगं वाटलं नाही. मागांच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून गिरणीतल्या बायका ओठांवरूनच बोलायच्या. नोरा आणि ती पठारावरही कित्येकदा तसंच बोलायच्या. तिनं ओठ वाचले.

'इकडून ये. फरशी इकडं वळते.'

एनिडनं पाऊल टाकलं.

खाली फरशी नव्हती.

ती मांड्यांपर्यंत काळ्या चिखलात गेली. गार. दातखीळ बसावी इतका गार.

"नोरा, हात दे गं!"

नोरा काठावर उभी होती. दोन हातांच्या अंतरावर. तिनं एनिडकडे पाहिलं. अगदी शांतपणे पाहिलं. मग वळली आणि धुक्यात निघून गेली.

एनिड म्हणते, त्या क्षणी मला चिखलाचं काही वाटलं नाही. छातीत काहीतरी तुटलं ते वेगळंच होतं.

आणि मग तिला आवाज आला...

लांबून. उजवीकडून. फरशांवर बुटांचा आवाज. एकीचा नव्हे, दोघींचा. आणि नोराचा नेहमीचा खणखणीत सूर.

"अगं एनिड, हळू चाल की. गाडी सुटतीये का तुझी?"

एनिडच्या अंगावर काटा आला. ती जीव तोडून ओरडली.

"नोरा! मी इथं आहे! इथं, चिखलात!"

बुटांचा आवाज थांबला.

म्हणजे नोरानं ऐकलं होतं.

एनिड श्वास रोखून वाट पाहत राहिली.

मग बूट पुन्हा वाजू लागले... भराभरा. जवळ येत नव्हते. लांब जात होते.

एनिड कशी सुटली, ते तिचं तिला माहीत. पाठीवरची पिशवी चिखलावर आडवी टाकली, तिच्यावर पोट ठेवलं आणि इंच इंच सरकत बाहेर आली. नखं तुटली. एक बूट आतच राहिला. कुंपणाच्या तारेला धरून ती सडकेपर्यंत उतरली. खाली सडकेला लागूनच पब होता. साडेपाच वाजले होते. उजेड होता अजून.

दार ढकललं. मालकीण ग्लेनिस हातात ताटल्या घेऊन उभी होती. तिनं एनिडला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"अहो... तुम्ही परत बाहेर कधी गेलात?"

"म्हणजे?"

"मघाशीच तर आलात की दोघी. सूप प्यायलात. आणि हा एवढा चिखल कुठं भरला?"

कोपऱ्यातल्या टेबलाशी नोरा बसली होती. कोरडी ठणठणीत. समोर सुपाचे दोन वाडगे होते.

दोन्ही रिकामे.

एनिड एका बुटानं लंगडत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझी हाक ऐकलीस ना तू?"

नोरानं मान खाली घातली. "ऐकली."

"मग?"

"तू माझ्या शेजारी चालत होतीस. हाका कोण मारतंय, मला काय माहीत?"

"मग ती आता कुठं आहे? तुझ्या शेजारची?"

नोराचा चेहरा पांढरा पडला. "तोंड धुवायला गेलीये."

तिघींनी मागच्या न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. ग्लेनिसच जाऊन बघून आली. आत कोणी नव्हतं. खिडकी आतून बंद. बेसिन कोरडं.

"बावीस वर्षं माझ्याबरोबर चालतेस," एनिड म्हणाली. "तुला एकदाही शंका आली नाही?"

नोरानं समोरचा रिकामा वाडगा बाजूला सारला. मग पुटपुटली, "धाप लागत नव्हती तिला. तुला चढावर धाप लागते."

"म्हणजे तुला कळलं होतं."

"भीती वाटली गं मला. मागं वळायची."

एनिडनं पाठ फिरवली. ग्लेनिसच्या नवऱ्यानं तिला गाडीनं घरी सोडलं. नोरासाठी तो नंतर वेगळी खेप घालणार होता.

इथं संपलं असतं तरी चाललं असतं.

पण महिन्याभरात चर्चमधल्या चहाला बायका एनिडपासून एक खुर्ची सोडून बसू लागल्या. खाटकाच्या दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. शेवटी एकीनं सांगितलं. नोरा गावभर सांगत फिरत होती.

"खरी एनिड माझ्याबरोबर खाली आली. ती तोंड धुवायला गेली, ती परत आलीच नाही. नंतर चिखलानं भरून आली ती कोण, देव जाणे."

भित्री म्हणवून घेण्यापेक्षा हे सोपं होतं. एनिड तिच्या दारात गेली. नोरानं साखळी लावूनच दार उघडलं, आणि तोंड बघून लावून घेतलं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी नाश्त्याला बसले असताना एनिडचा नवरा वॉल्टर टोस्टला लोणी लावता लावता म्हणाला, "लग्नानंतर आपण कुठं गेलो होतो गं?"

एनिडचा हात थांबला. म्हणजे नोरा वॉल्टरशीही बोलली होती.

"फाइली गावाला," ती म्हणाली. "समुद्रावर. चार दिवस नुसता पाऊस. घरमालकिणीचा तो तांबडा कुत्रा तुझी चप्पल घेऊन पळाला होता."

वॉल्टरनं मान हलवली आणि टोस्ट खाल्ला.

पुढेही वर्षातून एखाद्या वेळी तो सहज म्हणून हेच विचारायचा. ती तेच उत्तर द्यायची. तो मान हलवायचा. कधी भांडला नाही, कधी वेगळा झोपला नाही. तेरा वर्षं.

तो गेल्यावर त्याचं कपाट आवरताना एनिडला लग्नानंतरचा फोटो सापडला. दोघं समुद्राकाठी उभे. लख्ख ऊन पडलेलं. मागं वॉल्टरच्या अक्षरात लिहिलं होतं...

'व्हिटबी. आमचे पहिले चार दिवस. १९५८.'

हे सांगताना एनिडनं तो फोटो माझ्या हातात दिला. बराच वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"व्हिटबी नाही, मला फाइलीच आठवतं गं," ती म्हणाली. "तो पाऊस आठवतो. कुत्रा आठवतो."

 मी फोटो टेबलावर ठेवला. माझा हात तिच्या हाताला लागू नये, याची मी काळजी घेतली.

आणि ते तिनं पाहिलं.