आतला माणूस

दुपारच्या जेवणानंतरचं काम साधंच होतं. लढाऊ विमानाच्या शेपटीला पत्रा ठोकायचा. बाहेरून मिस्त्री हवेच्या गनने रिव्हेट, म्हणजे पत्रा जोडणारी खिळी, मारणार, आणि विमानाच्या पोटात शिरलेला माणूस त्यामागे लोखंडी ठोकळा धरणार. त्या दणदणाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आतला ठोकूनच सांगतो. दोन ठोके म्हणजे नीट बसला. तीन म्हणजे बिघडला, काढ.

मिस्त्रीचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. याच हँगरमध्ये त्याच्या जुन्या जोडीदाराने एकदा तीन ठोके दिले होते, तर साहेब म्हणाले, "रंग मारा आणि सोडा." ते विमान पडलं, वैमानिक गेला, आणि खापर फुटलं जोडीदाराच्या माथ्यावर. त्या धसक्याने तोही गेला. साहेब मात्र कडक इस्त्रीत इथेच. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

"चला, उरका," साहेब आजही म्हणाले. "संध्याकाळी उडायचंय हे."

नवा गडी ठोकळा घेऊन आत शिरला. काम सुरू झालं. दोन ठोके. दोन ठोके. मग रिव्हेटच्या भोकातून लवंगेचा वास आला. जोडीदाराची दाढ दुखायची, त्याच्या तोंडात कायम लवंग असायची.

पुढच्या रिव्हेटला तीन ठोके आले. मिस्त्रीने तो काढून दुसरा मारला. पुन्हा तीन.

"झोपलास का रे आत?" मिस्त्री खेकसला.

"मी इथे आहे, मामा…" नवा गडी पाठीमागे उभा होता, घामाने चिंब. "आत आधीच कुणीतरी होतं. ठोकळा माझ्याकडून घेतला… म्हणाला, तू जा."

मिस्त्रीला भीती वाटली नाही, संताप आला. मेल्यावरही त्या बिचाऱ्याला यांच्या पापापायी राबावं लागत होतं. त्याने गन साहेबांच्या पायापाशी आदळली.

"आता तुम्हीच जा आत. बघा काय रंगवायचंय ते."

साहेब तणतणत आत गेले. बाहेर आले ते पांढरेफटक होऊन.

"आतली पट्टी चिरलीय… थांबवा हे विमान."

"आत कोण होतं, साहेब?"

साहेब रुमालाने तोंड पुसत राहिले. त्यांच्या कपड्यांना लवंगेचा वास येत होता.

मिस्त्रीने पत्र्यावर हलकेच दोन ठोके दिले. झालं रे बाबा, ये आता बाहेर.

उत्तर आलं. टक… टक… टक.

पण ते शेजारच्या विमानातून आलं. मग त्याच्या पलीकडच्या. साहेबांनी रंग मारून सोडलेली सगळी विमानं त्या ओळीत होती, आणि दाराबाहेरच्या शेवटच्या विमानाचं इंजिन नुकतंच सुरू झालं होतं.