लेपानीचा दिवा

तो फोन आधी खाली ठेव, शाल्विन. आई बोलतेय आणि तू नुसता ‘हं हं’ करत बोट फिरवत बसलायस. उद्या व्हॅन घेऊन लबासाला तूप आणि कापूर आणायला जायचंय म्हणतोस ना? जा. पण आज ही गोष्ट ऐकून जा. रेशिका, तूही बस गं. मला एक करवंटी यांगोना ओत, मुळी नीट कुटून कालवलेला, पाणचट नको, आणि दार लोटून घे.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भावाची आहे. तुमच्या सुरूजमामाची. तो कुठे आहे म्हणून तुम्ही दोघांनी कितीदा विचारलंत आणि दर वेळी मी तुम्हाला भांडी घासायला पिटाळलं. आज सांगते. मधे बोलायचं नाही.

पलीकडच्या, इथल्या मूळ लोकांच्या गावातली लोसालिनी तुम्हाला माहीत आहे, तुम्ही जिला आजी म्हणून बुबू हाक मारता ती. तिचा धाकटा लेपानी. सुरूज आणि तो एका बाकावर शिकले, एका छडीचा मार खाल्ला. आपण ऊस लावतो ती जमीन त्यांच्या घराण्याची. लेपानीच्या आज्यानं माझ्या बापाला ती कसायला दिली, त्या दिवशी वर एक ताबुआ दिला. देवमाशाचा दात. वीतभर लांब, पिवळट, दोन्ही टोकांना बांधलेली काथ्याची दोरी. ताबुआ हातात दिला म्हणजे शब्द दिला, मग तो मोडायचा नाही. बापानं तो देवाच्या फोटोशेजारी टांगला होता. मी लहान असताना खेळता खेळता त्याची दोरी एका टोकाला तुटली, तेव्हा आईच्या शिलाईच्या डब्यातला जांभळा दोरा घेऊन मी ती बांधून टाकली. बापानं मला बदडलं. पण दोरा तसाच राहिला.

लेपानी कारखान्याच्या उसाच्या आगगाडीवर दिवेवाला होता. आंब्याच्या फाट्याला रूळ रस्ता ओलांडतात, पण तिथे फाटक नाही. गाडी वळण घेऊन फाट्याकडे यायला लागली की दिवेवाला इंजिनावरून उडी मारतो, पुढे पळतो आणि दिवा हलवून रस्ता अडवतो. म्हणून आपली माणसं रुळाकडे बघतच नाहीत. दिव्याकडे बघतात. दिवा नाही म्हणजे गाडी नाही. एवढीच आपली अक्कल. अरे, पण दिवेवाला रस्त्यावरच्या गाड्या अडवतो. रुळावरच कुणी अडकून बसलं तर तो काय करणार? भरलेली उसाची गाडी म्हणजे काय बैल आहे, च्च केलं की थांबायला? वळणाच्या अलीकडेच कुणी इशारा दिला तरच ती थांबते.

उंच होता लेपानी. सदा अनवाणी. हसला की इथपर्यंत ऐकू यायचं. सुरूजची व्हॅन दिसली की रस्त्यातूनच ओरडायचा, “ए फोनवाल्या! वर बघ! तू मेलास तर दीदीच्या रोट्या मला कोण देणार?” कारण सुरूजला फोनचं वेड. गाडी चालवताना फोनवर बोलतो म्हणून पोलिसांनी त्याला दोनदा धरला होता. तिसऱ्यांदा सापडला असता तर लायसन गेलं असतं, आणि लायसन गेलं म्हणजे धंदा गेला.

गेल्या वर्षी जूनमध्ये, हंगाम नुकताच लागला होता तेव्हा, लेपानी त्याच फाट्यावर मेला. त्या रात्री त्याला सुट्टी होती. रुळावर सुरूजची व्हॅन चेपून पडलेली, आणि तिच्यामागे तो.

सुरूज मला म्हणाला, “दीदी, मी तर झोपलो होतो. किल्ली खिळ्याला होती. यांगोना पिऊन तंद्रीत त्यानंच नेली असणार.”

मी मानलं. भाऊ होता. डोळ्यांत पाणी होतं. पोलिसांनी मानलं, कारखान्यानं मानलं. लोक तर हसले. हो, हसले! दिवेवाला, आणि स्वतःच रुळावर! बुबू चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायची, ती मागे दाराजवळ बसायला लागली. बाजारात भेटली की माझं मनगट धरून एकच विचारायची, “फूलमती, माझ्या लेपानीनं दिवा का नाही दाखवला? त्याला तर तेवढंच येत होतं गं.”

मातीच्या दिवशी सुरूज म्हणाला, “बापाचा ताबुआ दे, मी घेऊन जातो.” मला वाटलं, किती मोठं मन माझ्या भावाचं. त्यांच्या रीतीप्रमाणे तो चटईवर मांडी घालून शवपेटीसमोर बसला. ताबुआ दोन्ही हातांवर धरला. त्यांच्याच भाषेत बोलला, सगळ्यांदेखत. “माझी व्हॅन होती, पण माझा हात नव्हता. आपल्या दोन घरांत काही मळ राहू नये.” म्हाताऱ्यांनी ओंजळीच्या टाळ्या वाजवून तो स्वीकारला. लेपानीच्या मामानं तो त्याच्या छातीवर ठेवला, हाताखाली. जांभळा दोरा वर दिसत होता. मी बघितला. मग झाकण लावलं. शंभराव्या रात्री कबरीवर सिमेंट घातलं.

इथपर्यंत कळलं ना? मग आता पुढचं.

गेल्या वर्षीची धनतेरस. शुक्रवार होता. चंद्र नव्हता. मीच सुरूजला तुपाला पाठवलं होतं. त्यानं दुसरी व्हॅन घेतली होती, जुनीच, जपानी. लबासाहून निघायला त्याला आठ वाजून गेले. मागे तुपाचा डबा आणि पणत्यांची पेटी. शेजारची सीट रिकामी. रिकामी होती, हे त्यानं मला नंतर तीन वेळा सांगितलं.

फोन मांडीवर. फोनवर बा गावची मुलगी, दिवाळीनंतर तिच्याशी साखरपुडा होता. तिला नवी व्हॅन दाखवत होता मेला, काळोखात. आंब्याचं झाड आलं. यानं एकदा मान वर केली. दिवा नाही. म्हणजे गाडी नाही. मान परत खाली.

पुढचं चाक रुळांमधल्या फळीवरून सटकलं.

व्हॅनचं पोट धाडकन रुळावर बसलं. इंजिन बंद. फोन पायाशी पडला. त्यातून ती मुलगी “हॅलो, हॅलो” करत राहिली, मग तीही गेली.

सुरूजनं किल्ली फिरवली. नुसती टकटक. पुन्हा फिरवली. तेही नाही.

आणि व्हॅन हलली.

मागून. कुणी खांदा लावावा तशी.

“दुआ…”

त्यांच्या भाषेतलं एक. लेपानी वजन उचलताना असं मोजायचा.

“रुआ…”

व्हॅन पुढे झुकली. मागे आली. कुणीतरी धापा टाकत होतं.

सुरूजनं आरशात बघितलं. काळोख.

“कोण आहे?”

दार उघडून तो उतरला. मागे गेला. कुणी नाही. रस्त्यावर पांढरी धूळ, तिच्यात पाऊलसुद्धा नाही.

मग रूळ गुणगुणायला लागले. तुम्ही लहानपणी कान लावायचात ना रुळाला, तसे. पण न लावता ऐकू येत होते.

आणि वळणावर दिवा लागला.

एक माणूस. उंच. दिवा खाली धरलेला.

“तू ढकल…” तिकडून आवाज आला. “मी गाडी थांबवतो.”

हे सगळं सुरूज मला त्याच रात्री सांगत होता. इथेच, या पायरीवर. मी म्हटलं, “अरे गाढवा, मग पळाला का नाहीस? पाय नव्हते?”

त्यानं माझा पदर घट्ट धरला.

“सुरूज.”

“दीदी… ते माझे शब्द होते.”

“कुठले?”

“तू ढकल, मी गाडी थांबवतो. जूनमध्ये… मी त्याला असंच म्हणालो होतो.”

मी हातातला टॉवेल खाली ठेवला.

झोपला बिपला नव्हता तो त्या रात्री. तोच चालवत होता. फोनवर होता. लेपानी शेजारी बसलेला. असंच चाक सटकलं. लेपानी म्हणाला, सोड व्हॅन, चल. हा रडायला लागला, व्हॅन गेली तर मी मेलो. लेपानीचा जीव भोळा. त्यानं खांदा लावला. हा टॉर्च घेऊन वळणापर्यंत धावला. गाडीचा उजेड दिसला. आणि माझ्या भावानं विचार केला. काय विचार केला, ऐका. गाडी थांबवली तर ड्रायव्हर खाली उतरणार. पोलीस येणार. फोन बघणार. तिसरी वेळ.

टॉर्च विझवला त्यानं.

आणि उसात शिरून बसला.

“मला वाटलं तो ढकलेल, दीदी. त्याच्या अंगात ताकद होती. मला खरंच वाटलं…”

मी त्याच्या तोंडात मारली. एकदाच. जास्त मारण्याची माझीच हिंमत झाली नाही. कारण डोळ्यांपुढे काय आलं सांगू? तो वळणाकडे बघतोय. लेपानी. खांदा लावलेला, मान वळवलेली. दिव्याची वाट बघतोय. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी दिवा हलवला त्यानं. त्याला एकदा हवा होता.

यांगोना राहू दे रेशिका. नको आता.

मी विचारलं, “मग आज का नाही पळालास?”

म्हणाला, “रुळावरच बसलो. आणि… दिवा विझतो का, ते बघत होतो.”

“विझणारच, असं वाटलं?”

“हो.”

गाडीचा उजेड वळणावर आला. उसाची पाती पांढरी झाली. तो उंच माणूस त्या उजेडात उभा. दिवा आडवा हलवतोय. डावीकडे. उजवीकडे. घाई नाही.

सुरूजनं डोळे मिटले.

ब्रेक कर्कश ओरडले.

मग काहीच नाही…

डोळे उघडले तेव्हा इंजिन हाताच्या अंतरावर होतं. वाफाळत. त्याची ऊब याच्या तोंडावर. दिवा विझला नव्हता. शेवटपर्यंत विझला नव्हता.

ड्रायव्हर मुनसामी शिव्या घालतच उतरला. “आंधळा आहेस काय रे? रूळ तुझ्या बापाचा आहे? तुझा तो माणूस नसता तर तुझी चटणी झाली असती!”

“कुठला माणूस?”

“वळणावरचा! कुठे गेला तो? अनवाणी, हा एवढा उंच. असा दिवा हल्ली कुणाला हलवता येतो?” आणि मग मुनसामी बोलता बोलता थांबला. कारण असा दिवा कोण हलवायचा, हे त्याला माहीत होतं. सात हंगाम लेपानी त्याच्याच इंजिनावर होता.

त्यानं आणि त्याच्या दिवेवाल्यानं पहार लावून व्हॅन उचलून बाजूला केली आणि गेले. मग किल्ली फिरवली तर ती एका झटक्यात सुरू झाली, तशीच घेऊन सुरूज घरी आला.

सगळं सांगून झाल्यावर सुरूज पायरीवर कपाळ टेकून बसला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सण तोंडावर होता, तूप आत घ्यायला हवं होतं. माणूस अशा वेळी असलंच काहीतरी करत बसतो. मी व्हॅनचं दार उघडलं.

शेजारच्या सीटवर ताबुआ होता.

मी हातात घेतला. थंडगार. पिवळट. एका टोकाला जांभळा दोरा. माझ्या हातची गाठ, लहान पोरीनं बांधलेली, वेडीवाकडी. गाठीत माती भरलेली. काळी, ओली.

सुरूजनं तो बघितला आणि तोंडातून जो आवाज काढला, तो मला पुन्हा ऐकायचा नाही.

पहाटे मी त्याला पुढे घालून बुबूकडे नेलं. कॉलर धरून. म्हटलं, “बोल. जिथे खोटं बोललास तिथेच बोल.” त्याच चटईवर, त्याच म्हाताऱ्यांसमोर तो बोलला. एकानंही हात उचलला नाही त्याच्यावर. उचलला असता तर बरं झालं असतं. नंतर पोलिसांसमोर बोलला. सध्या तो जिथे आहे तिथे त्यामुळेच आहे. मुलीनं सोयरीक मोडली. मी त्याला भेटायला जात नाही. तुमची आजी जाते.

बुबू सगळं ऐकून घेऊन उठली. आम्हाला कबरीवर नेलं. सिमेंटला केसाएवढी चीर नव्हती. वरच्या रंगीत चादरी जशाच्या तशा, त्यांवर दवसुद्धा मोडलेलं नव्हतं. तिनं वाकून सिमेंटवर हात फिरवला, पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. “दिवा दाखवला ना त्यानं,” ती मला म्हणाली. “बघ, दाखवला.” त्या रविवारी ती पुढच्या बाकावर बसली.

मी ताबुआ तिच्यापुढे धरला. तिनं हात मागे घेतले.

“माझा नाही तो. त्यानं तुमच्या घराला परत केलाय. तुम्हीच ठेवा.”

परत केलेला ताबुआ म्हणजे नाकारलेला शब्द. तो घरात ठेवायचा म्हणजे काय, ते तुम्हाला अजून कळत नाही. कळेल.

तो बघा. तिथे, देवाच्या फोटोशेजारी, कापडाखाली. वर्ष झालं. दर शनिवारी मी कापड काढून बघते. पंख्याखाली ठेवला, उन्हात ठेवला, चुलीच्या वर टांगला.

ये शाल्विन, ऊठ. फोन इथेच ठेव. जा, त्या गाठीला बोट लाव.

ओली आहे ना माती?

अजून ओली आहे.