कुणी न उपसलेली वाळू

"नाना, उद्या आमी चाललोय बाभळीमागच्या त्या बीचवर," ओंकार म्हणाला. "आख्ख्या प्रवरेत तेवढीच वाळू उरलीय!"

लाइट गेली होती. ओट्यावर टेकलेल्या सहादेवनानांनी पान थुंकलं. "का उरली, ते इचारलं का कुनाला?"

ओंकारनं नकारार्थी मान हलवली. त्याची बहीण राजनंदिनी सरकून जवळ बसली. मग नानांनी आपल्या पंकजावहिनींची हकीकत सांगितली, ती अशी.

गेल्या वर्षी पंचवीस ऑगस्टला, हरतालिकेच्या आदल्या दिवशी, सांजावताना पंकजा कोल्हारच्या खालच्या अंगाला नदीवर आली. नवरा गहिनीनाथ नगरच्या दवाखान्यात. सकाळी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन. पूजेची पिंड स्वतः आणलेल्या वाळूचीच करीन, असं ती देवापुढं बोलली होती. बाजारात पुड्या मिळत होत्या, पण मनाला पटेना. वाळूवाल्यांनी सगळी नदी खरवडून नेलेली. बाभळींच्या आडचा हा अंगणाएवढा पांढरा किनारा मात्र तसाच होता. ज्याला कुणाचा हात लागला नाही, तेच देवाला द्यावं, एवढा तिचा साधा भाव.

"भावजी, तुमी गाडीपाशीच थांबा," ती नानांना म्हणाली. "आलेच मी."

चपला काढून, नदीला हात जोडून ती वाळूत उतरली. दिवसभर आभाळ होतं, तरी वाळू कोमट लागली. तिनं वाकून ओंजळ खुपसली.

आत बुळबुळीत होतं. शिळ्या तोंडाचा वास भपकन वर आला. हात काढला तर बोटांना लाळेची तार. पदर नाकाला लावून ती मागं फिरली, तर वाळूनं पाऊल धरलं आणि चोखलं. तान्हं बाळ अंगठा चोखतं, तसं. हिसडा दिला तेव्हा पाय सुटला. बोटातलं जोडवं आतच राहिलं.

"वहिनी! अंधार पडला!" वरून नाना.

"आले... जोडवं पडलंय."

उद्या हरतालिका. उद्या ऑपरेशन. सौभाग्याचं लेणं इथं टाकून कसं जायचं? डोळे मिटून तिनं कोपरापर्यंत हात घातला. ऊबट. मऊ. हिरड्यांसारखं काहीतरी मनगटाभोवती मिटलं. घाबरून तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मालकांना घरी येऊ दे."

चोखणं थांबलं.

जणू कुणी ऐकत होतं...

मग तळहातावर काहीतरी ठेवलं गेलं. ती पळत वर आली. नानांनी मोबाईलची बॅटरी लावली. जोडवंच होतं. नव्यासारखं लखलखीत. चाटून साफ केलेलं.

पंकजा रस्त्याच्या कडेला बसून ओकली.

पूजा तिनं पुडीच्या वाळूनंच केली. ऑपरेशन नीट झालं. पंधरा दिवसांनी गहिनीनाथ घरी आला.

"मग देवानंच केलं की चांगलं," राजनंदिनी म्हणाली.

"वहिनीबी तेच म्हनती. सगळे उपास करती बिचारी." नानांनी आवाज खाली आणला.

"गहिनीनाथ ठणठणीत हाय. दोन भाकरी खातो. पन रोज सकाळी चूळ भरतो ना..."

"काय होतं?"

"मोरीत वाळू पडती. चिमूटभर. पांढरी."

राजनंदिनीनं पाय पोटाशी ओढून घेतले.

"वहिनी रोज हातानं गोळा करती ती. कोमट असती, म्हनती."