चौथ्या पॉइंटवरची हाक

त्या दिवशी काम नेहमीचंच होतं. डोंगरावरचे सहा पॉइंट दाखवायचे आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांना खाली स्टँडवर आणून सोडायचं. माझी गाडी सात जणांची. मागच्या सीटवर दोघी बहिणी होत्या, साठीच्या पुढच्या. थोरली निवृत्त नर्स. पहिल्याच घाटवळणावर एका गृहस्थांना मळमळायला लागलं, तेव्हा तिने त्यांच्या हातात पिशवी दिली आणि दम भरला, "लांब बघा, खाली बघू नका." तेव्हापासून सगळी गाडी तिला ताई म्हणायला लागली.

या रस्त्यावर बाई ड्रायव्हर मी एकटीच. गाडी शिकवली ती दाजींनी, माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने. तीस वर्षं त्यांनी हाच रस्ता चालवला. एकच गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली होती. धुकं असेल तर चौथ्या पॉइंटवर थांबायचं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुला गाडी शिकायचीय की भांडायचंय?"

मला दोन्ही करायचं होतं.

चौथा पॉइंट प्रतिध्वनीचा. कठड्याशी उभं राहून ओरडलं की समोरचा कडा तुमचा आवाज तुम्हाला परत देतो. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि दरीतून धुकं वर येत होतं. मी गाडी पुढे काढणार, तर ताई म्हणाली, "या वयात पुन्हा कोण येतंय इथे?" मला ते पटलं. मी थांबले. ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

ओल्या दगडाचा आणि गंजलेल्या कठड्याचा वास येत होता. एकेकाने हाक दिली, कड्याने ती परत दिली. ताई सगळ्यांत शेवटी गेली, जरा लांब, धुक्यात. "मी आलेय गं..." एवढं ऐकू आलं.

कडा गप्प राहिला.

कुणीतरी हसलं. मग ताई धुक्यातून आली आणि मुकाट्याने मागे जाऊन बसली. मी डोकी मोजली. सात.

दोन वळणं उतरलो असू. धाकटी बहीण पुढे वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "गाडी थांबवा... मागे बसलीय ती आमची ताई नाही."

"म्हणजे?"

"मी विचारलं, थंडी वाजतेय का? तर म्हणाली, थंडी वाजतेय का. मी म्हटलं, बरी आहेस ना... तर तेच."

मी आरशात पाहिलं. तोच स्वेटर, तोच चेहरा. "ताई, पाणी देऊ?" मी विचारलं.

"पाणी देऊ," मागून आवाज आला. आवाज ताईचाच, पण दरी ओलांडून आल्यासारखा, जरा उशिराने.

गाडी कडेला लावून मी खाली उतरले आणि दाजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खाली घेऊन ये," म्हणाले. "घरच्यांना वाटतं, प्रवासाने थकली, गप्प झाली. सवय होते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"असे मीही खाली आणलेत... तीनदा."

मला संताप आला, इतका की भीतीला जागाच उरली नाही. "दाजी, माझ्या गाडीत जी चढली, तीच खाली उतरणार," म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या अरुंद रस्त्यावर चार वेळा मागेपुढे करून मी गाडी वळवली. मळमळणारे गृहस्थ म्हणाले, "खाली जाऊन डॉक्टरांना दाखवू ना." मी म्हटलं, "ज्यांना उतरायचंय त्यांनी इथे उतरा." कुणी उतरलं नाही.

पॉइंटवर धुक्याने कठडासुद्धा गिळला होता. धाकटीने हाक मारायला तोंड उघडलं, मी हात धरून तिला थांबवलं. शब्द मिळाले की मागची ते उचलणार आणि बसून राहणार. हिला शब्दच द्यायचा नाही, न संपणारा आवाज द्यायचा, दमून कड्याकडे परत जाईपर्यंत.

मी हॉर्न दाबला.

मागच्या सीटवरचं तोंड उघडलं आणि त्यातून हॉर्न वाजला. बंद गाडीत, लांबलचक. सगळ्यांनी कान झाकले. धाकटी रडत होती. मी हात उचलला नाही. तू दमतेस की मी, बघूच, असं मनात म्हणत राहिले. मनगट बधिर झालं.

मग कड्याने उत्तर दिलं. दरीतून हॉर्न परत आला.

ती उठली. तिने दार उघडलं आणि उशीर झालेल्या माणसासारखी भरभर धुक्यात निघून गेली. मी दाबतच राहिले. काही वेळाने कठडा चाचपत कुणीतरी आलं. चिंब भिजलेलं.

"इतका वेळ?" ताई म्हणाली. "साधी हाक मारता येत नाही कुणाला?"

धाकटी म्हणाली, "ताई... तूच ना?"

"आधी नाक पूस."

मी गाडी खाली घेतली. स्टँडवर सगळे गेल्यावर ताई माझ्याजवळ थांबली. हळूच म्हणाली, "मी तिथे एकटी नव्हते. ओळ होती... सगळे कठडा धरून उभे. आपल्याला कुणी न्यायला येईल म्हणून."

त्यानंतर स्टँडवरच्या सगळ्यांनी मला धुक्यात वर जाऊ नको म्हणून बजावलं, दाजींनीही. मी ऐकलं नाही. आता धुकं असलं की प्रवाशांना खाली सोडून मी रिकामी गाडी वर नेते. चौथ्या पॉइंटवर थांबते, हॉर्न दाबते, दार उघडं ठेवते. महिनाभर कुणी आलं नाही.

काल एक गृहस्थ आले. ओला कोट, हातात पत्र्याची छोटी पेटी. अदबीने म्हणाले, "आमची बस गेली का हो?"

या रस्त्यावरची बस मी जन्मायच्या आधीच बंद झाली.

"गेली," मी म्हटलं. "या, बसा."

ते बसले नाहीत. मागे वळून धुक्यात पाहत म्हणाले, "जरा थांबाल का... बाकीचे येतायत."

ओल्या दगडांवर पावलं वाजायला लागली. एकदोन नव्हेत, पुष्कळ. गाडी सात जणांची. मी दार धरून उभी राहिले.