तीन चिंचोके

मेंदूसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत, महागड्या यंत्रांच्या मधोमध, एक साधं टेबल होतं. त्यावर पत्त्यांचा जोड, वाटीभर चिंचोके आणि ताटलीभर खारे शेंगदाणे. शलाका दाबके रोज दुपारी तिथे येऊन नवऱ्याला पोकर शिकवायची. आयुष्यात मेंढीकोटाच्या पलीकडे मजल न गेलेली बाई, आणि शिकवते पोकर!

"नमस्कार. आपण?" हर्षद रोज उभा राहून विचारायचा.

"मी शलाका. पत्ते शिकवायला आलेय."

"अरे वा! बसा ना."

अपघाताने त्याची मागची काही वर्षं पुसून टाकली होती आणि नेमकं त्याच वर्षांत त्यांचं लग्न झालं होतं. नवीन काही झोपेपलीकडे टिकत नव्हतं. डॉ. वहिदा मुजावर यांनी त्याच्या कवटीत तांदळाच्या दाण्याएवढा स्मृतिसेतू बसवला होता.

"मग आता तो मला ओळखेल?" शलाकाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"खोटी आशा नाही लावणार, शलाकाताई. काल कोण आलं, काय बोललं, ही झाली घटना. ती वाट बंदच आहे. सेतू आहे तो सवयीच्या वाटेवर. जे पुन्हापुन्हा त्याच पद्धतीने घडतं, तेवढंच तो पलीकडे नेतो. म्हणून त्यांना न येणारा खेळ शिकवायचा. रमी त्यांना आधीच येते, तिने काय सिद्ध होणार?"

खेळ असा होता. प्रत्येकाला पाच पानं. मधल्या शेंगदाण्यांच्या राशीचे दोन वाटे: अर्धी रास सर्वांत भारी हाताला, अर्धी सर्वांत हलक्या हाताला. हलक्या हातात अठ्ठीच्या वरचं पान चालत नाही. एक्का मात्र सोयीप्रमाणे मोठाही आणि छोटाही. पानं उघडण्याआधी मुठीत चिंचोके धरून बाजू सांगायची. एक म्हणजे भारी, दोन म्हणजे हलका, तीन म्हणजे दोन्ही. बाजूला एकटाच असाल तर ती अर्धी रास तुमचीच. पण तीन धरून एक बाजू जरी हरलात, तर हात हलवत परत. हे ऐकून शलाकाचंच डोकं गरगरलं होतं; हर्षदला तर ती पहिले काही दिवस एक्का चुकीचाच शिकवत होती.

पहिल्यांदा सगळी रास जिंकली तेव्हा हर्षदने निम्मे दाणे तिच्याकडे सरकवले. "शिकवलंत तुम्ही. अर्धे तुमचे." माणूस मुळातच तसा होता. दुसऱ्या दिवशी काही आठवत नसूनही त्याने तेच केलं, तिसऱ्या दिवशीही. खरं तर तिने ते परत करायला हवे होते. पण तिने हसून खाल्ले, रोज खाल्ले, आणि डॉक्टरांना सांगायचं तिच्या मनातही आलं नाही.

खेळ हर्षदमध्ये टिकलाय का, याच्या परीक्षेच्या दिवशी सेतूला मान्यता देणाऱ्या परवाना मंडळाचे प्रभुदेसाई आले. हर्षद नापास झाला तर सेतू काढला जाणार होता. मग त्याच्यात नवीन काहीच, कधीच टिकलं नसतं.

पहिला डाव प्रभुदेसाई स्वतः खेळले. हर्षदकडे एक्क्यापासून पंजीपर्यंत ओळीने पाच पानं आली. याहून हलका हात नाही, आणि ओळ असल्याने भारीही. त्याने मूठ उघडली. तीन चिंचोके! सगळी रास त्याने बेधडक ओढली आणि वर दोन दाणे तोंडात टाकले.

"उत्तम. आता बाईंबरोबर."

प्रभुदेसाईंनी मुद्दाम तीच पानं लावली होती. शलाकाने एक चिंचोका धरला. हर्षदने मूठ उघडली. दोन.

पुन्हा डाव, पुन्हा तशीच पानं, पुन्हा दोन. अर्धी रास शलाकाच्या पुढ्यात येऊन पडली आणि तिला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"नियम पक्का झालेला नाही," प्रभुदेसाई म्हणाले. "नापास लिहावं लागेल."

"एक मिनिट," डॉ. मुजावर पुढे आल्या. "हर्षदराव, या पानांवर दोन्ही बाजू जिंकता येतात, माहितेय?"

"येतात की. मघाशी नाही का या साहेबांना लुटलं?" हर्षदने पुढ्यातल्या दाण्यांकडे बोट दाखवलं.

"मग आता दोनच का?"

"या बाईंकडून सगळं घ्यायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही." तो गोंधळला. "नियमच आहे ना तो?"

"या कोण आहेत?"

हर्षदने शलाकाकडे निरखून पाहिलं. "ते नाही सांगता येणार. आजच भेटतोय बहुधा."

"सगळी रास जिंकली की अर्धे दाणे रोज मला द्यायचा, डॉक्टर, आणि मी खायचे," शलाका म्हणाली.

डॉ. मुजावर प्रभुदेसाईंकडे वळल्या. "सेतू घटना नेत नाही, हे मीच सांगितलं होतं. पण या बाई रोज त्याच वेळी, त्याच खुर्चीत आल्या, आणि हर्षदरावांनी रोज त्यांना अर्धं दिलं. ही घटना कुठे राहिली? हा नियम आम्ही कुणीच शिकवला नाही. तो त्यांनी स्वतःच पलीकडे नेलाय, बाईंसकट."

प्रभुदेसाईंनी लिहिलेलं खोडलं आणि निकाल पुन्हा लिहिला: पास.

शलाका हसत होती आणि डोळेही पुसत होती. हर्षद कावराबावरा झाला. "माझं काही चुकलं का? घ्या ना, अर्धे तुमचेच आहेत. पण आपलं नाव काय म्हणालात?"

"शलाका," ती दाणे उचलत म्हणाली. "उद्या पुन्हा सांगेन."