आतल्या दाराकडे वळलेली फुलं

ॲनेमोनीची फुलं अमरावतीत सहसा कोणी मागत नाही. माझी मुलगी आचल पुण्याहून येताना जुडी घेऊन आली, म्हणून ती फुलं आमच्या राजापेठेतल्या फ्लॅटमध्ये आली. जांभळ्या, लाल पाकळ्या आणि मधे काळाभोर गोल. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे त्यांची सरबराई आपोआप माझ्याकडे. देठ मऊ असतात, ते तिरपे कापायचे. पाणी थोडंच, पण रोज बदललेलं. जवळ पिकलेली केळी ठेवायची नाहीत. कापल्यावरही हे देठ वाढत राहतात आणि उजेडाकडे वळतात. नवरा म्हणतो, माझ्यावर सोडलं तर देवघरातही लेबलं लागतील.

सुरुवातीला फुलं रीतसर खिडकीकडे वळली. मग माझा भाऊ किशोर आईला अकोल्याहून आणून सोडून गेला. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. आईला मागची खोली दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळी फुलं खिडकीकडे पाठ करून त्या खोलीच्या दाराकडे वळलेली.

पॅसेजमधली ट्यूबलाइट असेल, म्हटलं. ती बंद ठेवली आणि फुलदाणी फिरवली. कॉलेजातून परत आले तर फुलं पुन्हा तिकडेच. एरवी संध्याकाळी या पाकळ्या मिटतात, पण यांचं तेही बंद झालं होतं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "राहू दे न तशीच. मले बरं वाटते."

संक्रांतीचं हळदीकुंकू मी रविवारी दुपारी ठेवलं होतं. माझी मोठी नणंद, बेबीताई, येणार होत्या. त्यांनी फोनवर फक्त विचारलं, "तुही आई हाय का घरी?" विधवा बाई घरात असली तर काय बिघडतं, हे मी एरवी चारचौघांत तावातावानं विचारणारी. पण तोंडातून निघून गेलं, "कालच अकोल्याला गेली." फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. खोटं बोलायला मला कोणी भागही पाडलं नव्हतं.

आईला मी काही सांगितलं नाही. तिनंच ओळखलं. "मी बसतो आतमंदी," ती म्हणाली. "बाया गेल्या का आवाज देजो." त्या खोलीचं दार आपोआप उघडतं, म्हणून मी बाहेरून कडी लावली. कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती हळूच सरकवली. तो हळूपणा मला फार लागला.

बायका आल्या. तिळगूळ, वाण, खाली क्लासच्या पोरांच्या गाड्यांचा गोंगाट. सगळ्यांना हळदीकुंकू लावून माझी बोटं लालपिवळी झाली. बेबीताई फुलांसमोर येऊन थांबल्या.

"कागदाची हाय का वं?"

"खरी आहेत, ताई."

"मंग हे सगळे तिकडंच काहून पाहून राहिले?" त्यांनी दाराकडे बघितलं. "कोण हाय आत?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

भर दुपारी, उन्हात, एक फूल मिटलं. मग त्याच्या शेजारचं. हलत्या पाकळ्या मी डोळ्यांनी पाहिल्या. बेबीताई तोवर वाणाच्या डब्यांकडे वळल्या होत्या.

सगळी फुलं मिटली आणि माना खाली घालून राहिली. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटची बाई जिना उतरली तशी मी कडी काढली.

आई पलंगाच्या मधोमध बसली होती. तिच्या कपाळावर ठसठशीत गोल टिळा होता. काळा-निळा, त्या फुलांच्या मधल्या गोलासारखा, ओला, मधल्या बोटानं लावतात तसा.

"आई, हे काय?"

"तूच तं लावून गेली आत्ता," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "म्या म्हटलं, कोणी पाह्यलं तं? तू म्हटलं, पाहू दे. हात लय थंडे होते तुहे. तूच होती ना, माधवी?"

खिडकीला गज आहेत. दुसरं दार नाही.

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. पण त्याहून जास्त लाज वाटत होती. कारण ते मीच करायला हवं होतं.

"हो आई," मी तिच्याजवळ पलंगावर बसत म्हणाले. "मीच."

आईनं माझा हात हातात घेतला. माझा हात गरम होता, घामेजलेला, बोटांवर लाल कुंकू. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं तो अलगद माझ्या मांडीवर ठेवून दिला.

तिनं माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं आणि पलंगावर थोडी सरकली, कोणाला तरी बसायला जागा करून देतात तशी.