गुलाबी नीलमाची पुडी

"मी पाहिलंय, काका! चाचांनी पांढरी पुडी खिशात टाकली! माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

स्पृहा इतक्या जोरात ओरडली, की शेजारच्या तांबट आळीतली ठोकठोकही क्षणभर थांबल्यासारखी वाटली.

मे महिन्याची सुट्टी होती. सातवीतली स्पृहा आणि तिचा धाकटा भाऊ अर्णव वारज्याहून कसबा पेठेत श्रीधरकाकांकडे राहायला आले होते. काकांचं दागिन्यांचं छोटंसं दुकान होतं आणि मुनव्वरचाचा तिथे चाळीस वर्षं दागिन्यांत खडे बसवत होते. त्यांना 'नाना' म्हणणारा त्यांचा नातू एजाज म्हणजे या दोघांचा जिवलग दोस्त. तिघांनी मिळून 'गुप्त तपास पथक' काढलं होतं, पण आठवडा उलटला तरी तपासायला काही म्हणजे काही मिळत नव्हतं. आज मिळालं!

एका अंगठीसाठी आणलेला गुलाबी नीलम बदलला होता. ही गोष्ट सांगितली तीही चाचांनीच. खडा बसवण्याआधी त्यांनी तो भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "श्रीधरभाऊ, हा तो नव्हे. हा भट्टीत तापवलेला आहे."

"अहो, काल संध्याकाळी पुडी मी स्वतः तुमच्या हातात दिली! मग खरा खडा काय हवेत विरला?" काका कडाडले. आणि तेवढ्यात आमच्या तपासप्रमुख ओरडल्या.

चाचांनी खिशातली पुडी काढली आणि काचेवर उलगडली. आत बडीशेप होती.

पण काकांचा पारा काही उतरला नाही. "खडा सापडत नाही तोवर तुम्ही कामावर नाही आलात तरी चालेल," ते म्हणाले. चाचांनी चष्मा डबीत ठेवला, हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि ते खाली मान घालून पायऱ्या उतरले. चाळीस वर्षांत त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं.

एजाजही त्यांच्यामागे निघाला, तशी स्पृहा त्याच्या मागे धावली. "एजाज, थांब ना!"

"कशाला? माझाही खिसा बघायचाय?"

स्पृहाचे कान तापले. आईचा जुना मोबाइल घेऊन अर्णव मागून धापा टाकत आला. "अरे, पण खडे दोन होते ना! काकांनी काल स्टेटसला फोटो टाकलाय, हा बघा. डावा जरा धुरकट आणि उजवा कसला चकाचक आहे!"

एजाजला खरं तर बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "धुरकट नाही रे! जमिनीतून निघाला तसाच ठेवलेला, न तापवलेला नीलम आहे तो. त्याच्यात रेशमासारखे बारीक धागे असतात. तापवला की ते विरतात आणि खडा चकचकीत होतो. म्हणून तर धागेवाला दुर्मिळ. नाना नेहमी सांगतात."

स्पृहाने फोटो पुन्हा पाहिला आणि तिला कालचं आठवलं.

काल काकांनी दोन्ही खडे काळ्या मखमलीवर ठेवून फोटो काढला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "पुड्या बांधून ठेव गं!" असं म्हणून ते बोलत बोलत बाहेर गेले. तिने पुड्या बांधल्या. 'न तापवलेला' असं लिहिलेल्या पुडीत तिने चकाचक खडा ठेवला. महागाचा तोच असणार, सुंदर तर तोच दिसत होता! कोणाला विचारावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या याच. तिला सांगून टाकायचं होतं, पण जीभ उचलेना. तिने एवढंच विचारलं, "दुसरी पुडी कुठे आहे? खडे उलटसुलट झाले असतील तर?"

"ती नुसती नमुना म्हणून आणली होती ना? काकांनी सकाळीच खडेवाल्या रतनशेठना परत केली," अर्णव म्हणाला. "ते चारच्या गाडीने सुरतेला चाललेत!"

सव्वातीन वाजले होते. अर्णवने काकांना फोन लावला. "मुलांनो, यात पडू नका!" म्हणून काकांनी तो ठेवूनही दिला. मग तिघं पळत सुटले! फडके हौद मागे टाकून रविवार पेठेत पोचेपर्यंत अर्णवची एक चप्पल तुटली.

पेढीवर रतनशेठ बॅगेची चेन ओढत होते. "आता काही नाही! गाडी आहे मला!"

एजाजने डोकं चालवलं. "शेठ, नाना म्हणतात, तापवलेला खडा एका नजरेत ओळखणारा पुण्यात एकच माणूस आहे. तुम्ही!"

शेठची छाती फुगली. "अलबत!"

"मग काकांनी परत केलेला खडा बघून दाखवा ना. एकदाच!"

"त्यात काय बघायचंय?" म्हणत शेठनी पुडी उघडली, भिंग डोळ्याला लावलं आणि खडा उजेडाकडे धरला. "अरेच्चा! हा तर धाग्यांचा! आणि मी न बघताच बॅगेत टाकला!"

शेठनी गाडीचा नाद सोडला आणि ते मुलांबरोबर निघाले. एजाज चाचांनाही दुकानात घेऊन आला.

"शाब्बास रे वाघांनो! दुकानाची अब्रू राखलीत!" काकांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "मुनव्वरभाई, चुकलं माझं. पुड्या रतनशेठकडूनच उलटसुलट आलेल्या दिसतात."

"माझ्याकडून?" शेठ उखडले. "मी स्वतः बघून दिल्या होत्या!"

"जाऊ द्या, जाऊ द्या. चला, सगळ्यांना मस्तानी माझ्याकडून!"

अर्णव आनंदाने उडी मारणार होता. स्पृहाला मात्र पाठीवरचा काकांचा हात नकोसा झाला. गप्प राहिलं तर कोणालाच कळणार नव्हतं. पण आता शेठवर आळ आला होता आणि मघाचं चाचांचं तोंड तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"त्यांच्याकडून नाही, काका. मी केली अदलाबदल." तिने सगळं सांगितलं. शेवटी तर हुंदक्यांतून शब्दच फुटेनात. "आणि... चाचांचं नावही मीच घेतलं."

काका मटकन स्टुलावर बसले. "पुड्या बांधायला मीच सांगितलं होतं. वर त्या उघडूनही पाहिल्या नाहीत. आणि चाळीस वर्षं साथ देणारा माणूस एका वाक्यावर घालवला! मुनव्वरभाई, मला लाज वाटतेय हो."

चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग स्पृहाला म्हणाले, "मला फार वाईट वाटलं, बेटा. नाही कसं म्हणू? पण आत्ता गप्प बसली असतीस तरी तुझं भागलं असतं. नाही बसलीस. असं बोलायला मोठ्यांनाही जमत नाही."

त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. ओल्या डोळ्यांनी तिने पाहिलं. गुलाबी खड्यात खरोखरच रेशमाचे बारीक धागे होते.

मग चाचांनी खिशातून पांढरी पुडी काढून तिच्यापुढे धरली. "घे."

स्पृहाचा हात पुढे होईना.

"घे की! पण आधी उघडून बघ हं," एजाज म्हणाला. मघापासून पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिलं होतं.

स्पृहाने पुडी उघडली, चिमूटभर बडीशेप घेतली आणि आधी ती एजाजच्या हातावर ठेवली.